आजीसारखी दिसते: एका अल्बमच्या सात ओळी

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरात आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची तयारी चालली आहे, असे धरा. हजार पौर्णिमा म्हणजे जवळजवळ ८० वर्षे १० महिने. त्या निमित्ताने ४० पानांचा फोटो अल्बम छापायचा ठरला. मराठी ओळी आत्याने एका बैठकीत लिहून टाकल्या. अडचण होती धाकट्या काकांच्या दोन मुलांची. ती ओहायोत वाढली. मराठी बोललेले सगळे कळते, वाचायला दिले की गाडी अडते. म्हणून प्रत्येक मराठी ओळीखाली एक इंग्रजी ओळ हवी होती. छपाईवाल्याने फोटोखाली सोडलेल्या पट्टीत बारा इंग्रजी शब्द बसत. तेरावा शब्द आला की अक्षर बारीक करावे लागे, आणि मग वरची मराठी ओळही बारीक होई.

इंग्रजीचे काम अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाने अंगावर घेतले. तपासायला आत्याच, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. ३६ ओळींपैकी २९ किरकोळ दुरुस्त्यांनी सुटल्या. सात अडल्या, आणि सातही एकाच विषयाच्या: कोण कोणासारखे दिसते.

घर नमुन्यादाखल घेतले आहे. चुका मात्र नमुन्याच्या नाहीत. मराठीतून इंग्रजीत येणारा जवळपास प्रत्येक जण त्या करतो, आणि चांगले गुण मिळवणाराही त्यातून सुटत नाही. नातवाचा पहिला मसुदा असा होता:

१. नात वय २२, शेजारी आजी वय २२, साल १९६६: ‘शी इज रिझेम्बलिंग टू हर ग्रँडमदर सेम टू सेम.’

२. आजी आणि त्यांची धाकटी बहीण: ‘बोथ सिस्टर्स आर लुकिंग लाइक.’

३. खुद्द मसुदाकार, वय ९, उघडलेल्या रेडिओसमोर: ‘ही लुक्स आफ्टर हिज ग्रँडफादर.’

४. आजींचे भाऊ, तरुणपणी: ‘हिज हेअर वॉज सिमिलर लाइक देव आनंद.’

५. ओहायोतली जुळी भावंडे, मुलगा आणि मुलगी, दोन महिन्यांची: ‘आयडेंटिकल ट्विन्स.’

६. तान्हा पोळा, धाकटा नातू धोतर-पागोट्यात, हातात लाकडी बैल: ‘ही इज लुकिंग लाइक अ फार्मर.’

७. दिवाणखान्यातले पणजोबांचे तैलचित्र: ‘द पेंटिंग इज रिझेम्बल्ड विथ हिम.’

एकट्या ‘सारखा’चा भार

मराठीत हे सगळे काम ‘सारखा’ हा एक शब्द ओढतो. ‘आईसारखी दिसते’ म्हणताना तो नामाला चिकटतो. ‘दोघी सारख्या दिसतात’ म्हणताना सुटा उभा राहतो. ‘सारखे वाटे करा’ यात तो मापाचा होतो, तर ‘सारखी रडते’ यात वेळेचा. वाक्यात त्याला कुठेही बसवा, लिंग-वचन जुळवले की तो कुरकुर करत नाही.

इंग्रजीत या एका शब्दाच्या जागी सात-आठ शब्द आहेत आणि प्रत्येकाची खुर्ची ठरलेली आहे. ‘लाइक’च्या पुढे कोणीतरी लागतेच. ‘अलाइक’च्या पुढे कोणी चालतच नाही. ‘सिमिलर’ला ‘टू’ हवा, ‘सेम’च्या आधी ‘द’ आणि नंतर ‘ॲज’, ‘डिफरंट’ला ‘फ्रॉम’. ‘रिझेम्बल’ मात्र कोणाचाच हात न धरता थेट कर्मावर जाऊन बसतो. शिकणारा शब्दकोशात अर्थ बघतो, सगळ्यांचा अर्थ ‘सारखे असणे’ दिसतो, मग तो त्यातला वजनदार वाटणारा शब्द उचलतो आणि मराठीच्या सवयीने हवा तिथे ठेवतो. मसुद्यातल्या सातपैकी चार ओळी अशा बिघडल्या. म्हणून क्रम उलटा हवा. दुसऱ्या माणसाचे नाव वाक्यात कुठे येणार आहे हे आधी ठरवायचे, शब्द नंतर. नाव येणारच नसेल तर ‘लाइक’ आणि ‘रिझेम्बल’ तिथल्या तिथे बाद होतात आणि निवड अर्धी होऊन जाते.

दुसरी ओळ याचे सरळ उदाहरण. ‘दोघी बहिणी सारख्या दिसतात’ यात दुसरे नाव नाही, दोघी कर्त्यातच आल्या आहेत. म्हणून ‘लुक अलाइक’. ‘लुक लाइक’ लिहिले की इंग्रजी वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत थांबतो: कोणासारख्या? याच्या उलट ‘शी लुक्स अलाइक हर सिस्टर’ हेही चालत नाही. बहिणीचे नाव मागे आले की ‘अलाइक’ने उठून ‘लाइक’ला जागा द्यायची. आणखी एक अट अशी की ‘अलाइक’ नामाच्या आधी बसत नाही. ‘अलाइक सिस्टर्स’ असे होत नाही, तिथे ‘सिमिलर-लुकिंग सिस्टर्स’ म्हणावे लागते. ‘बोथ’ही काढला, कारण ‘अलाइक’ म्हटल्यावर दोघी आल्याच.

याच ओळीत ‘द सेम’ वापरू का, असे नातवाने विचारले होते. ‘दे लुक द सेम’ व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याचा अर्थ ओळखूच येत नाहीत इतक्या सारख्या, आणि फोटोत आजी अर्धी वीत उंच दिसत होत्या. शिवाय ‘द सेम’ची एक वेगळी खोड आहे. एकाच माणसाबद्दल ‘शी लुक्स द सेम’ म्हटले की तुलना दुसऱ्या कोणाशी होत नाही, तिची तिच्याशीच होते: ती बदललेली नाही. तो शब्द अल्बमच्या शेवटच्या पानावर, आजींच्या साठीच्या आणि ऐंशीच्या फोटोंखाली, ‘स्टिल लुक्स द सेम’ असा नेमका बसला.

‘दिसून राहिली’

पहिल्या ओळीत चार दोष एकत्र आहेत, म्हणून ती सगळ्यात शिकवणारी.

‘इज रिझेम्बलिंग’ कुठून आले? प्रमाण मराठीत ‘आजीसारखी दिसते’ म्हणतात, आणि तो काळ इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळाशी जुळतो. नागपूरच्या बोलण्यात मात्र ‘काय करून राहिला बे’, ‘आजीवानी दिसून राहिली’ ही रूपे तोंडात बसलेली आहेत. हिंदीतल्या ‘कर रहा है’ची सावली त्यांच्यावर आहे. त्या कानाने इंग्रजी लिहिले की ‘लुकिंग’, ‘रिझेम्बलिंग’, ‘हॅविंग’ आपोआप येतात. नागपुरी माणसाला यात काही खटकत नाही, कारण त्याच्या बोलीत खटकण्यासारखे काही नाहीच.

इंग्रजीत चेहऱ्यातले साम्य ही चालू असलेली क्रिया मानत नाहीत, ती स्थिती. म्हणून ‘लुक्स लाइक’, ‘रिझेम्बल्स’. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात ‘रिझेम्बल’पुढे दोन सूचना असतात: चालू काळात वापरत नाहीत, कर्मणी प्रयोग होत नाही. दुसऱ्या सूचनेने सातवी ओळही बाद झाली. या सूचना कंसात बारीक अक्षरात छापलेल्या असतात आणि विद्यार्थी नेमक्या त्याच गाळून अर्थाकडे धावतात.

पण ‘आयएनजी’ दिसला की खोडा, असा नियम करू नये. वर्गात तो केला जातो आणि त्याने नुकसान होते. साम्य वाढत चालले असेल तर चालू काळ हवाच: ‘शी इज लुकिंग मोअर अँड मोअर लाइक हर मदर.’ अशा वाक्यात ‘रिझेम्बलिंग’ही चालते. आणि आजच्यापुरते दिसणे असेल, लग्नाच्या शालूत किंवा नुकत्याच आजारातून उठल्यावर, तर ‘यू आर लुकिंग लव्हली’, ‘यू आर लुकिंग टायर्ड’ अगदी स्वाभाविक. गंमत म्हणजे ‘आज आईवानी दिसून राहिली’ यातल्या ‘आज’लाही इंग्रजी चालू काळ शोभतो. ‘आज’ काढून टाकला की शोभत नाही.

‘टू’ची गोष्ट सोपी आहे. मराठीत साम्य कोणाशी तरी असते, म्हणून लिहिणारा मराठी ‘-शी’ या प्रत्ययाच्या जागी ‘टू’ किंवा ‘विथ’ आणतो. ‘रिझेम्बल’ला दोन्ही नकोत. ‘टू’ लागतो तो नाम केल्यावर: ‘अ स्ट्रायकिंग रिझेम्ब्लन्स टू’. क्रियापद आणि नाम यांची डोक्यात गल्लत झाली की ‘टू’ चुकीच्या जागी येतो.

‘सेम टू सेम’बद्दल घरात वाद झाला. नातवाचे म्हणणे, सगळे बोलतात. बोलतात खरे, इतवारीपासून धरमपेठेपर्यंत, आणि ‘कार्बन कॉपी’, ‘डिट्टो’, ‘झेरॉक्स’ही बोलतात. यातला ‘कार्बन कॉपी’ इंग्रजी वाचकाला पचतो. ‘सेम टू सेम’ हा आपल्या देशातला शब्द आहे, ओहायोतल्या मुलांना तो बाबांच्या फोनवरच्या बोलण्यातून माहीत असेल तेवढाच. ‘झेरॉक्स’ तिकडे मुख्यतः कंपनीचे आणि यंत्राचे नाव. नातीला आजीची झेरॉक्स म्हटलेले कळेल, पण विनोद म्हणून.

उरला मूळ शब्द. ‘रिझेम्बल’ दुरुस्त करून ‘शी रिझेम्बल्स हर ग्रँडमदर’ लिहिले तर चूक एकही राहत नाही. तरी आत्याने तो घेतला नाही.

“चूक नाही ना आता?” नातवाने विचारले.

“चूक नाही रे. पण पंचनामा वाटतो.”

इथे तिचा कान बरोबर होता. ‘रिझेम्बल’ लेखी, थोडा दूर उभा राहून बघणारा शब्द आहे. अहवाल, वर्णन, चरित्र, वनस्पतीशास्त्राचे पुस्तक, तिथे तो शोभतो. घरात, नातीच्या गालाला हात लावून कोणी ‘यू रिझेम्बल युवर ग्रँडमदर’ म्हणत नाही, ‘यू लुक जस्ट लाइक हर’ म्हणतात. आपल्याकडे शाळेत ‘लुक लाइक’ हा साधा आणि ‘रिझेम्बल’ हा चांगला, अशी उतरंड शिकवली जाते. शब्दाला गुण असतात ते जागेचे, लांबीचे नव्हे.

‘स्पिटिंग इमेज’ही पुढे आला होता. अर्थ नेमका तोच, हुबेहूब. पूर्वी इंग्रजीत एखाद्याची तंतोतंत प्रतिमा असेल तर तो त्याचा ‘स्पिट’ म्हणत. त्यावरून ‘स्पिट अँड इमेज’ झाले आणि घासून ‘स्पिटिंग इमेज’. रूढ आहे, प्रेमाने म्हटले जाते, कोणाला राग येत नाही. पण आजींच्या फोटोखाली थुंकणे नको, असे थोरल्या सुनेने सांगितले आणि विषय संपला. भाषेच्या दृष्टीने हा आक्षेप टिकत नाही. घराच्या दृष्टीने टिकतो, आणि अल्बम घराचा होता. त्यातला ‘इमेज’ तेवढा ठेवला: ‘द इमेज ऑफ हर ग्रँडमदर’. पाचच शब्द, अर्थ पूर्ण. यात ‘द’ विसरायचा नाही. मराठीत त्या जागी काहीच नसल्यामुळे तो पहिल्यांदा गळतो.

फोटोत अजून एक गोष्ट होती. नातीने अंगावर घेतलेली करवतकाठी साडी १९६६च्या फोटोतलीच, आजींच्या ट्रंकेतून काढलेली. नातवाने ‘इन द सेम सारी’ जोडले. इथे मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. आपल्याकडे ‘तीच साडी’ वेगळी आणि ‘तशीच साडी’ वेगळी. ‘द सेम सारी’मध्ये दोन्ही अर्थ राहतात, दुकानातून तशीच दुसरी आणली असाही अर्थ निघतो. ‘सिमिलर’ म्हटले तर फक्त ‘तशी’. ‘तीच’ सांगायचे तर मालकी सांगावी लागते. छापायची ओळ झाली: ‘द इमेज ऑफ हर ग्रँडमदर, इन हर ग्रँडमदर्स ओन सारी.’ दहा शब्द.

वर जाणे

तिसरी ओळ सगळ्यात धोक्याची, कारण ती व्याकरणाने निर्दोष आहे. ‘ही लुक्स आफ्टर हिज ग्रँडफादर’ म्हणजे तो आजोबांची काळजी घेतो, त्यांचे औषधपाणी बघतो. तपासणारा घाईत असेल तर ओळ तशीच छापली जाते आणि वाचणारा मुलाचे कौतुक करतो. ‘लुक लाइक’चे डोके आणि ‘टेक आफ्टर’चे धड जोडून हे तयार होते. संगणकावरचा व्याकरणतपासक हे पकडेलच असे नाही, कारण वाक्यात पकडण्यासारखे काही नसते.

हवा होता तो ‘टेक आफ्टर’. मराठीतल्या ‘वर जाणे’शी त्याचे गोत्र इतके जुळते की तो मराठी माणसाला सोपा जायला हवा, पण वर्गात हे नाते क्वचित दाखवले जाते. ‘पोरगं आजोबांवर गेलं’ हे आपण खालून वरच म्हणतो. आजोबा नातवावर गेले असे कोणी म्हणत नाही. ‘टेक आफ्टर’ही तसाच: धाकट्याकडून थोरल्याकडे. दोन्हींत रक्ताचे नाते लागते. आई, बाप, मामा, आत्या, आजी चालतात. शेजारी, नट, मित्र चालत नाहीत, जुळा भाऊही चालत नाही. चौथ्या ओळीत देव आनंद आहे, तिथे हा शब्द आणला असता तर आजींच्या माहेराबद्दल भलतीच अफवा उठली असती.

फरक एकच, काळाचा. मराठीत ‘गेला आहे’, पूर्ण झालेले. म्हणून ‘हॅज टेकन आफ्टर’ लिहावेसे वाटते. इंग्रजीत साधा वर्तमान: ‘टेक्स आफ्टर’. थोरला माणूस हयात नसला तरी वर्तमानच.

‘टेक आफ्टर’ नुसत्या चेहऱ्याचा शब्द नाही. रूप किंवा स्वभाव, दोन्हीपैकी काहीही त्यात येते, अगदी ‘वर जाणे’सारखे. इथे ओहायोकडून एक प्रश्न आला आणि तो बराच उपयोगी पडला. व्हिडिओ कॉलवर मुलांनी विचारले, ‘व्हॉट वॉज ग्रँडपा लाइक?’ नातवाने सांगितले: उंच, सावळे, भरघोस मिशी, कपाळ मोठे. मुले गप्प ऐकत राहिली, मग मुलीने विचारले, ‘पण ते रागीट होते का?’

तीन प्रश्न वेगळे करून ठेवलेले बरे. ‘व्हॉट इज ही लाइक?’ म्हणजे स्वभावाने कसा आहे. ‘व्हॉट डज ही लुक लाइक?’ म्हणजे दिसायला कसा आहे. ‘हाऊ डज ही लुक?’ म्हणजे या घडीला कसा दिसतोय, तब्येत, कपडे, थकवा. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘कसा’ येतो, म्हणून आपण तिन्हींची खिचडी करून ‘हाऊ डज ही लुक लाइक?’ विचारतो. हे वाक्य भारतभर ऐकू येते आणि चूकच आहे: ‘लाइक’ आला की ‘व्हॉट’, ‘लाइक’ गेला की ‘हाऊ’.

आजोबा गणेशपेठेत रेडिओ दुरुस्तीचे काम करत. फोटोतल्या नऊ वर्षांच्या मुलाने घरचा रेडिओ उघडला आहे आणि हातात आजोबांचाच पेचकस आहे. कपाळ तसेच, पेचकस तोच. साडीच्या ओळीत ज्या ‘सेम’ने अडचण केली तोच इथे कामाला आला, कारण दोन्ही अर्थ हवेच होते: ‘टेक्स आफ्टर हिज ग्रँडफादर: सेम फोरहेड, सेम स्क्रूड्रायव्हर.’ फोटोखालची ओळ पूर्ण वाक्य नसते, म्हणून इथे ‘द’ गाळलेला चालतो. पूर्ण वाक्यात चालला नसता.

‘अ चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक’ सुचवला गेला होता. तो मुख्यतः बाप-लेकाच्या स्वभावासाठी. चेहऱ्यासाठी कमी, आणि आजोबांशी तो सैल बसतो. ‘एकाच माळेचे मणी’ तर इंग्रजीत कसाही नेला तरी आपल्याकडे त्यात टोमणा आहे, आणि ‘टू पीज इन अ पॉड’मध्ये टोमणा नाही. म्हणी समोरासमोर ठेवून बदलू नयेत, हे एवढ्यावरून कळावे.

केस आणि देव आनंद

चौथ्या ओळीत वरवर दिसणारी चूक ‘सिमिलर लाइक’. ‘सिमिलर टू’ किंवा नुसता ‘लाइक’, दोन्ही एकदम नाही. ती दुरुस्त केली आणि ओळ झाली ‘हिज हेअर वॉज लाइक देव आनंद’. आत्या इथे अडखळली नाही. ओहायोच्या काकू मात्र अडखळल्या.

त्यांचे केस देव आनंदसारखे होते, असे आपण सर्रास म्हणतो. केसांची तुलना अख्ख्या माणसाशी झाली हे मराठीत कोणाच्या लक्षातही येत नाही, ‘देव आनंदच्या केसांसारखे’ हे ऐकणारा मनातल्या मनात पुरवतो. इंग्रजीत तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकाच जातीची वस्तू लागते. केसांसमोर केस: ‘लाइक देव आनंद्स’. शेवटचा ‘स’ म्हणजे ‘चे केस’. हीच चूक ‘माय हाइट इज मोअर दॅन माय ब्रदर’मध्ये आहे, जिथे उंची भावाशी मोजली जाते. त्यावरचा सोपा उपाय असा की अवयवाला कर्ता करायचेच नाही: ‘आय ॲम टॉलर दॅन माय ब्रदर’. साध्या बोलण्यात इंग्रजी माणूसही हेच करतो.

मामाआजोबा देव आनंदसारखे दिसत होते का? नाही. केसांचा फुगा तेवढा तसा होता. म्हणून ‘लुकअलाइक’ आणि ‘डेड रिंगर’ हे दोन्ही शब्द, जे परक्याशी किंवा प्रसिद्ध माणसाशी असलेल्या साम्यासाठी चपखल आहेत, इथे खोटे ठरले असते. साम्य एका अवयवापुरते असेल तर तो अवयव सांगावा. ‘शी हॅज हर मदर्स आइज’, ‘ही गॉट हिज नोज फ्रॉम हिज फादर’ ही वाक्ये इंग्रजी घरांत रोजची आहेत, ‘नाक आजीचं आणलंय’ हे आपल्या घरांत असते तशी. छापलेली ओळ: ‘हेअर लाइक देव आनंद्स, द रेस्ट वॉज ऑल हिज ओन.’

किती सारखे, हे सांगताना प्रत्येक शब्दाचे सोबती वेगळे आहेत आणि ते पाठच करावे लागतात. ‘जस्ट लाइक’, ‘अ बिट लाइक’, ‘नथिंग लाइक’. ‘सो अलाइक’, ‘एक्झॅक्टली अलाइक’. ‘व्हेरी सिमिलर’. ‘रिझेम्बल’सोबत ‘क्लोजली’ किंवा ‘स्ट्राँगली’. ‘व्हेरी रिझेम्बल’ कधीच नाही, कारण ‘व्हेरी’ क्रियापदाला लागत नाही. माणसांबद्दल नुसते ‘शी इज सिमिलर टू हर मदर’ म्हटले की ऐकणारा स्वभाव, मते, सवयी धरतो. चेहरा सांगायचा तर ‘लुक्स’ हवा.

उरलेल्या तीन

पाचवी ओळ व्याकरणाची नव्हे, जीवशास्त्राची. जुळ्यांबद्दल ‘आयडेंटिकल’ हा वैद्यकीय शब्द आहे: एका फलित बीजांडाचे दोन भाग होऊन झालेली भावंडे. मुलगा आणि मुलगी असतील तर ती जवळपास नेहमीच दोन बीजांडांची, म्हणजे अमेरिकेत ‘फ्रॅटर्नल’, ब्रिटनमध्ये बहुधा ‘नॉन-आयडेंटिकल’. दोन महिन्यांची बाळे कितीही सारखी दिसोत. शिवाय वाचणारी तीच दोघे होती. ‘ट्विन्स. फॉर टू मंथ्स, नोबडी कुड टेल देम अपार्ट.’

तान्ह्या पोळ्याला पोरे वेश करून लाकडी बैल मिरवतात. पोशाख मुद्दाम केलेला असेल तर ‘ड्रेस्ड ॲज अ फार्मर’. ‘ड्रेस्ड लाइक’ म्हटले की कपडे शेतकऱ्यासारखे आहेत, हेतू असो वा नसो. ‘ॲज’ भूमिका सांगतो, ‘लाइक’ साम्य.

सातव्या ओळीला क्रियापदच नको होते. चित्र किंवा फोटो माणसासारखा उतरला असेल तर इंग्रजीत त्याला ‘अ गुड लाइकनेस’ म्हणतात, आपल्याकडे ‘तसबीर हुबेहूब उतरली’ म्हणतात तसे. दिवाणखान्यातल्या चित्रात मिशी मूळच्यापेक्षा ऐटदार आहे अशी घरातली जुनी कुरबुर होती, तीही बसली: ‘अ गुड लाइकनेस, द एल्डर्स सेड, ओन्ली द मुस्टॅश इज ग्रँडर.’

या ओळीने एक मोठा मुद्दा ओझरता दाखवला. चित्र माणसासारखे दिसते, माणूस चित्रासारखा दिसतो असे सहसा म्हणत नाहीत. मुलगा बापासारखा, बाप मुलासारखा नाही. ‘लाइक’ आणि ‘रिझेम्बल’ना व्याकरणाने दोन्ही दिशा मोकळ्या आहेत, तरी बोलणारा एकच निवडतो. साम्य असे एकतर्फी असते हे मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की यांनी १९७७ साली मांडले: कमी ठळक गोष्टीची तुलना जास्त ठळक गोष्टीशी होते. अल्बमपुरता याचा उपयोग असा की वाचणाऱ्याला कोण जास्त ओळखीचे आहे हे बघावे. ओहायोच्या मुलांनी तरुण आजी कधी पाहिलीच नव्हती. ताई, म्हणजे पहिल्या फोटोतली नात, त्यांना रोज फोनवर दिसते. त्यांच्यासाठी ‘आजी २२ व्या वर्षी ताईसारखी दिसायची’ ही दिशा जास्त बोलकी ठरली असती. आत्याने ती घेतली नाही, अल्बम आजींचा आहे म्हणून. आमच्या मते दोन्ही बाजू धरण्यासारख्या होत्या.

सुटलेल्या २९ ओळींतही दिसण्याचे दोन शब्द परत पाठवावे लागले, ते सांगायला हवेत. एका आत्तेबहिणीच्या फोटोखाली ‘होमली’ होते. आपल्या वधू-वर जाहिरातींत तो घरकामात रमणारीसाठी वापरतात. अमेरिकेत ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताची. ‘वॉर्म’ केले. गुबगुबीत बाळाला ‘हेल्दी’ म्हटले होते. इंग्रजीत त्यातून निरोगी एवढेच कळते, गाल कळत नाहीत. ‘चबी’ केले, कारण बाळाला चालतो. मोठ्या माणसाला चालत नाही.

पहिला प्रूफ आला तेव्हा सातही ओळी पट्टीत बसल्या होत्या, पण अक्षरजुळणी करणाऱ्याने फालतू ठिपका समजून ‘देव आनंद्स’मधला वरचा स्वल्पविराम आणि ‘स’ दोन्ही उडवले होते. केस पुन्हा अख्ख्या देव आनंदशी तोलले गेले. नातवाने या वेळी स्वतः पकडले आणि दुसऱ्या प्रूफवर लाल शाईने ‘स’ परत बसवला.